चिपमध्ये मॅग्नेटिक बीड्स टाकताय? मग सिग्नलच्या आधी बॅकग्राउंडचं बघा

गेल्या पावसाळ्यापासून चार-पाच पोरापोरींनी मला एकच प्रश्न विचारला, की दादा, मायक्रोफ्लुइडिक चिपमध्ये मॅग्नेटिक बीड्स टाकले, महागडे टाकले, तरी साध्या एलायझा प्लेटपेक्षा डिटेक्शन खराबच येऊन राहिलं, काहून? दरवेळी नागपूरच्या बर्डीवर तर्री-पोहे खाता खाता तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. एलायझा म्हणजे जे शोधायचं ते प्रोटीन, अँटिजेन, दोन अँटीबॉडींच्या मधे धरायचं, एक कॅप्चर म्हणजे पकडणारी, दुसरी डिटेक्शन म्हणजे सिग्नल देणारी. इथे प्लेटच्या जागी बारीक वाटांची मायक्रोफ्लुइडिक चिप, आणि कॅप्चर अँटीबॉडी बारीक चुंबकी गोळ्यांवर, म्हणजे बीड्सवर. अँटिजेन म्हणून डेंग्यूचं एनएस-१ घ्या, सूज दाखवणारं सीआरपी घ्या, नाहीतर अजून काही, अँटीबॉडीची जोडी बदलते, बाकी खटपट तीच.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. बीड स्वतः सिग्नल वाढवत नाही. बीड म्हणजे एक फिरती भिंत. ती भिंत तुम्ही सॅम्पलमध्ये पसरवू शकता, गोळा करू शकता, धुऊ शकता आणि घाणेरड्या जागेतून उचलून स्वच्छ जागेत नेऊ शकता. हे चारही कामं जो करतो त्याला फायदा मिळतो, आणि जो बीड्स चॅनलमध्ये चुंबकाने चिकटवून वरून नुसतं सॅम्पल सोडतो, त्याने फक्त एक महागडी भिंत विकत घेतलेली असते.

हिशोब करून बघू. आयजीजी अँटीबॉडीच्या मापाचं प्रोटीन पाण्यात सेकंदाला साधारण ४० चौरस मायक्रॉन या हिशोबाने पसरतं. चॅनल १०० मायक्रॉन उंच आणि अँटीबॉडी फक्त तळाला असेल तर वरच्या रेणूला खाली यायला ढोबळ २ मिनिटं लागतात, हे ठीकच आहे म्हणा, प्लेटच्या वेलमध्ये ३ मिलिमीटर पाणी असतं, तिथे हाच आकडा ३० तासांच्या वर जातो, म्हणून तर प्लेट शेकरवर ठेवावी लागते. आता २.८ मायक्रॉनचे ३ लाख बीड्स १ मायक्रोलिटरच्या चेंबरमध्ये मोकळे तरंगत ठेवले तर रेणूंना बीडपर्यंत पोचायला ५ सेकंदांच्या आसपास लागतात. पण तेच ३ लाख बीड्स १०० मायक्रोलिटर सॅम्पलमध्ये टाकले तर ८ मिनिटं, आणि ६० हजारच टाकले तर ४० मिनिटं. ही फक्त पोचायची वेळ, त्यात साधारण दोन तृतीयांश रेणू बीडला धडकतात, अँटीबॉडीला पकडायला लागणारा वेळ त्याच्यावर वेगळा. हे आकडे वहीत लिहून ठेवा, पुढे लागतील.

कोणते बीड्स घ्यायचे

बाजारात १ मायक्रॉनचे आणि २.८ मायक्रॉनचे सहज मिळतात. आत आयर्न ऑक्साइडचे नॅनोकण, बाहेर पॉलिमर. नॉर्वेच्या जॉन उगेलस्टाड यांनी १९७६ च्या सुमारास पॉलिस्टायरीनचे अगदी एकसारख्या मापाचे गोळे बनवून दाखवले, डायनाबीड्स नावाचे बाजारातले बीड्स त्याच कामातून आले. सुपरपॅरामॅग्नेटिक असतात, म्हणजे चुंबक जवळ आणलं की चिकटतात, काढलं की सगळं विसरून मोकळे होतात. निदान तसं व्हायला पाहिजे.

१ मिलिग्रॅममध्ये १ मायक्रॉनवाल्यांचं क्षेत्रफळ ३० चौरस सेंटीमीटरच्या वर जातं, २.८ वाल्यांचं १५ च्या आसपास. म्हणून सगळे छोट्याच्या मागे पळतात. पण चुंबकाची ओढ बीडच्या आकारमानावर असते आणि पाण्याची ओढ व्यासावर, त्यामुळे बाकी सगळं सारखं धरलं तर मोठा बीड प्रवाहात जवळपास आठपट चांगला टिकतो. छोट्या बीड्समध्ये लोखंडाचं प्रमाण बरेचदा जास्त असतं त्यामुळे फरक थोडा कमी होतो, तरी माझं म्हणणं स्पष्ट आहे, पहिल्यांदा करून राहिले असाल तर २.८ घ्या. क्षेत्रफळ तसंही कमी पडत नाही.

आता ती चूक, जी मी स्वतः केली आणि माझ्या नंतर आलेल्या प्रत्येकाने केली. स्ट्रेप्टाव्हिडिन (बायोटिनला घट्ट पकडणारं प्रोटीन) लावलेले बीड्स सोपे म्हणून मागवतो, त्यावर बायोटिनवाली कॅप्चर अँटीबॉडी लावतो, आणि एलायझाच्या तयार जोडीतून डिटेक्शन अँटीबॉडी घेतो. त्या जोडीतली डिटेक्शन अँटीबॉडीसुद्धा बहुतेक वेळा बायोटिनवालीच असते ना भाऊ! ती सरळ बीडच्या रिकाम्या जागांवर जाऊन बसते, अँटिजेन असो की नसो, आणि मग ब्लँक (अँटिजेन नसलेलं सॅम्पल) सुद्धा दिवाळीसारखा उजळतो. तेव्हा दोनच रस्ते. स्ट्रेप्टाव्हिडिन बीड्स घेतले तर डिटेक्शन अँटीबॉडीवर एचआरपी (सब्स्ट्रेट नावाच्या रसायनातून रंग किंवा चमक काढणारं एन्झाइम) थेट जोडलेलं पाहिजे. नाहीतर कॅप्चर अँटीबॉडी टोसिल किंवा कार्बॉक्सिल रासायनिक गट लावलेल्या बीड्सवर पक्क्या रासायनिक बंधाने बसवा आणि मग डिटेक्शनला बायोटिन आणि शेवटी स्ट्रेप्टाव्हिडिन-एचआरपी खुशाल वापरा.

स्ट्रेप्टाव्हिडिनचा रस्ता अर्ध्या-पाऊण तासाचा आहे. बाटली अर्धा मिनिट तरी नीट व्होर्टेक्स करा, कारण बीड्स खाली बसतात आणि वरचं पाणी काढलं तर तुमच्या पहिल्या आणि शेवटच्या ट्यूबमध्ये जमीन-अस्मानाचा फरक येतो. १ मिलिग्रॅम बीड्स घ्या, चुंबकावर १-२ मिनिटं ठेवून वरचं पाणी काढा, पीबीएसने (खारट फॉस्फेट बफर) दोन-तीनदा धुवा, बायोटिनवाली अँटीबॉडी १० मायक्रोग्रॅमच्या आसपास घाला, अर्धा तास रोटेटरवर फिरवा, मग ०.१ टक्का बीएसए (रिकाम्या जागा झाकणारं गाईच्या रक्तातलं प्रोटीन) घातलेल्या पीबीएसने चार-पाच वेळा धुवा. बीड्स कोरडे पडू देऊ नका, एकदा सुकले की गोळे होतात आणि मग कितीही हलवा सुटत नाहीत. टोसिलवाल्यांना बोरेट बफर, पीएच ९.५, अमोनियम सल्फेट आणि ३७ अंशांवर रात्रभर फिरवणं लागतं. मे महिन्यात नागपुरात बेंचवरच ३७ असतं असा विनोद प्रत्येक बॅचमधला एकजण करतोच, पण इन्क्युबेटरच वापरा, पहाटे बेंच थंड होतो. कार्बॉक्सिलवाले ईडीसीने (बंध जोडून देणारं रसायन) करणार असाल तर त्या वेळी बफरमध्ये ट्रिस किंवा ग्लायसिन नको, नाहीतर अँटीबॉडीऐवजी तेच जाऊन जोडले जातात.

चिप आणि चुंबक

चिप साधी ठेवा. पीडीएमएस (पारदर्शक सिलिकॉन रबर) क्युरिंग एजंटसोबत दहाला एक मिसळून साच्यावर ओतलेलं, काचेवर प्लाझ्माने चिकटवलेलं. २ मिलिमीटर रुंद, ५ मिलिमीटर लांब, १०० मायक्रॉन उंच असं चेंबर केलं तर बरोबर १ मायक्रोलिटर होतो, हिशोबाला सोपं. पण एक नाही, अशी दोन चेंबर एकामागे एक करा, मधे अर्धा मिलिमीटर रुंद चॅनल. दुसरं कशासाठी ते पुढे सांगतो.

खाली मायक्रोस्कोपची जाड स्लाइड लावू नका, ०.१७ मिलिमीटरची कव्हर ग्लास लावा. चुंबकाची ओढ नुसत्या फील्डवर नसते, फील्ड किती झपाट्याने बदलतं त्यावर असते, आणि छोट्या चुंबकाचा जोर त्याच्या स्वतःच्या मापाएवढ्या अंतरातच पडून जातो. दोन-तीन मिलिमीटरचं निओडिमियम चुंबक १ मिलिमीटर काचेच्या खाली ठेवलं म्हणजे अर्धी मेहनत काचेतच गेली. अजून एक सोपी युक्ती, दोन छोटी चुंबकं उलट्या ध्रुवांनी एकमेकांना खेटून लावा, जोडाच्या रेषेवर बदल एकदम तीव्र असतो आणि बीड्स तिथे सरळ रेघेत बसतात. चिप ओव्हनमध्ये ठेवताना चुंबक बाहेर काढा हं, साध्या ग्रेडचं निओडिमियम ८० अंशांच्या वर गेलं की कायमचं कमजोर होतं. आणि दोन मोठी चुंबकं टेबलावर जवळजवळ सोडू नका, बोट सापडलं की डोळ्यासमोर तारे.

प्रवाह किती? मधल्या चॅनलमध्ये, म्हणजे ५०० बाय १०० मायक्रॉनमध्ये, मिनिटाला ५ मायक्रोलिटर म्हणजे सेकंदाला १.७ मिलिमीटर वेग. सेकंदाला १ मिलिमीटर वेगाला २.८ मायक्रॉनच्या बीडवर साधारण २६ पिकोन्यूटनचा रेटा येतो, म्हणजे इथे ४०-४५. चुंबक नीट लावलं असेल तर एवढं तो झेलतो. पकडताना २ ते ५ मायक्रोलिटर ठेवा, बीड्स एकदा बसले की धुताना हळूहळू वाढवा, एकदम २० वर नेलं की मायक्रोस्कोपखाली दिसतं, आधी रेघेच्या पुढच्या कडेचे दोन-चार दाणे सुटतात आणि मग सगळी रेघ वाहून जाते, ओल्या मातीचा बांध फुटावा तशी.

आणि बुडबुडे. बुडबुड्याची कड बीड्सच्या रेघेवरून गेली की पृष्ठताण असा ओढतो की चुंबकाचं काही चालत नाही, सगळे बीड्स बुडबुड्यासोबत वेस्टच्या बाटलीत. चॅनल आधी इथेनॉलने ओला करा, मग भरपूर बफर सोडून इथेनॉल पूर्ण काढा, मगच प्रोटीन आत. बफर आधीच हवा काढून घ्या. त्यानंतर १ टक्का बीएसए आणि ०.०५ टक्के ट्वीन-२० (साबणासारखं डिटर्जंट) पाऊण तास भरून ठेवा, म्हणजे भिंती झाकल्या जातात. हे वगळून वेळ वाचवायला जाल तर तो वेळ पुढे तिप्पट द्याल.

खरं काम

सॅम्पल चिपमध्ये नका पकडू. चिपमध्ये १ मायक्रोलिटर मावतो, मग तुम्ही १ मायक्रोलिटरमधलेच रेणू मोजता. त्यापेक्षा १०० मायक्रोलिटर सॅम्पल लो-बाइंड ट्यूबमध्ये घ्या, त्यात ५ मायक्रोग्रॅम बीड्स टाका, म्हणजे आपले ते ३ लाख, अर्धा ते एक तास फिरवा, आणि मग फक्त बीड्स चिपमध्ये आणून बसवा. १०० मायक्रोलिटरचा माल १ मायक्रोलिटरमध्ये आला, बीड्सची खरी कमाई ती इथे. १ मिलिग्रॅममध्ये अशी २०० रीडिंग होतात, त्यामुळे गाइडला किमतीचं टेन्शन द्यायची गरज नाही. पेशंटचं सॅम्पल वापरणार असाल तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी आणि बायोसेफ्टी, त्याशिवाय बफरमध्ये शुद्ध अँटिजेन घालूनच शिका, निम्म्या चुका त्यातच दिसतात.

डिटेक्शन अँटीबॉडी मिलिलिटरला ०.१ ते ०.५ मायक्रोग्रॅमपासून सुरू करा. सिग्नल कमी दिसला की पोरं ही वाढवत नेतात, सिग्नल वाढतोही, पण ब्लँक त्याच्यापेक्षा जास्त वाढतो. सॅम्पल आणि डिटेक्शन एकाच वेळी टाकायचा शॉर्टकट मारत असाल तर हुक इफेक्टचं लक्षात ठेवा, अँटिजेन खूप जास्त असलं की ते दोन्ही अँटीबॉडींना वेगवेगळं अडवतं आणि सगळ्यात जास्त वाल्या सॅम्पलचा सिग्नल उलट खाली येतो.

आता धुणं, इथे मी जरा रेंगाळणार आहे. ट्यूबमध्ये १०० मायक्रोलिटरमधून १ मायक्रोलिटर मागे राहत असेल तर एका धुण्यात शंभरपट, तीन धुण्यात दहा लाखपट पातळ होतं, कागदावर. चिपमध्ये तसं होत नाही. प्रवाह इतका शिस्तीत वाहतो की थर एकमेकांत मिसळतच नाहीत, कोपऱ्यातलं पाणी कोपऱ्यातच बसून राहतं, आणि चुंबकाने दाबलेल्या बीड्सच्या ढिगाच्या आतलं पाणी तर बाहेर यायचं नावच घेत नाही. वरून अर्धा तास बफर सोडा, ढीग बाहेरून स्वच्छ, आतून तसाच. म्हणून पकडा, सोडा, पकडा. चुंबक बाजूला घ्या, पंप पुढे-मागे दोन-तीनदा हलवा म्हणजे ढीग विस्कटतो, मायक्रोस्कोपखाली तपकिरी रेघ ढगासारखी पसरलेली दिसली पाहिजे, मग परत चुंबक लावा, परत धुवा. तीन वेळा तरी. पसरायच्या ऐवजी रेघेचे तुकडे तुकडे पडून दिसले तर बीड्स चिकटायला लागलेत, ट्वीन बघा.

आणि आता ते दुसरं चेंबर. ब्लॉकिंग कितीही करा, डिटेक्शन अँटीबॉडी थोडी भिंतीला चिकटतेच आणि तिच्यावरचं एचआरपी सब्स्ट्रेट आलं की इमानदारीने काम करतं, त्याला काय माहीत आपण बीडवर आहे की भिंतीवर. तेव्हा शेवटचं धुणं झालं की चुंबक काचेखालून हळूहळू सरकवत बीड्सना मधल्या चॅनलमधून दुसऱ्या चेंबरमध्ये न्या, जिथे अँटीबॉडी कधी गेलीच नाही. एवढं ध्यानात ठेवा की पहिल्या चेंबरवरून गेलेलं धुण्याचं पाणी या चेंबरमधून जाता कामा नये, म्हणून वेस्टचा फाटा दोघांच्या मधे काढा आणि दुसऱ्या चेंबरला बफर-सब्स्ट्रेटची स्वतःची वेगळी वाट ठेवा. आमच्याकडे ब्लँक खाली आणायला एवढा उपयोग दुसऱ्या कशाचाच झाला नाही, ना महागड्या ब्लॉकरचा, ना नवीन अँटीबॉडीचा.

वाचन कसं करायचं

टीएमबीचा, म्हणजे प्लेटमधल्या नेहमीच्या सब्स्ट्रेटचा, निळा रंग चिपमध्ये बघायला जाऊ नका. प्लेटमध्ये प्रकाश ३ मिलिमीटर रंगातून जातो, चिपमध्ये ०.१ मिलिमीटर, म्हणजे तीसपट घाटा तिथेच. मग लोक म्हणतात चिप बेकार आहे. फ्लुओरेसन्सवालं सब्स्ट्रेट घ्या, अॅम्प्लेक्स रेडसारखं, ५७० नॅनोमीटरच्या आसपास उजळवायचं आणि ५८५ ला बघायचं, नाहीतर स्वतःच प्रकाश देणारं ल्युमिनॉल. सब्स्ट्रेट भरलं की प्रवाह बंद. तयार झालेला चमकणारा माल तिथल्या १ मायक्रोलिटरमध्येच साचला पाहिजे, पंप चालू राहिला तर तो तयार होता होता वेस्टमध्ये चालला.

आता माझी फजिती. एका उन्हाळ्यात तीन आठवडे माझा सिग्नल शून्य. अँटीबॉडी बदलली, बीड्स बदलले, चिप पुन्हा बनवली, मोटरसायकलवर अंबाझरी तलावाला चकरा मारून आलो. मग एका संध्याकाळी कंटाळून एका ट्यूबमध्ये नुसतं एचआरपी आणि सब्स्ट्रेट टाकलं, दुसरीत तेच आणि वर माझा वॉश बफर. पहिली लगेच रंगली, दुसरी ढिम्म. बाटली उलटी करून बघितली तर तळाला माझ्याच अक्षरात लिहिलेलं, अझाइड. बुरशी येऊ नये म्हणून मीच एप्रिलमध्ये घातलं होतं आणि सोडियम अझाइड एचआरपीला गप्प करतं हे मला परीक्षेपुरतं माहीत होतं. बीड्सच्या बाटलीतही अझाइड असतंच, म्हणून ते धुऊनच वापरायचे. ही दोन ट्यूबची तपासणी दर नवीन बफरला करा, पाच मिनिटं लागतात. उलटी भानगडही असते, रक्त फुटलेलं सॅम्पल असेल तर हिमोग्लोबिन स्वतःच थोडं पेरॉक्सिडेजसारखं वागतं आणि नसलेला सिग्नल दाखवतं, सॅम्पल लालसर दिसलं की धुणं वाढवा किंवा बाजूला ठेवा.

कंट्रोल कंजूसी न करता लावा. अँटिजेन नसलेला ब्लँक दहा तरी, कारण डिटेक्शन लिमिट म्हणजे ब्लँकची सरासरी अधिक तीन स्टँडर्ड डेव्हिएशन, आणि तीन ब्लँकवर काढलेलं डेव्हिएशन म्हणजे अंदाजपंचे. कॅप्चर अँटीबॉडी नसलेले बीड्स एक, डिटेक्शन नसलेलं एक. यातलं कोणतं उजळतं त्यावरून चोर सापडतो. आणि दर रीडिंगला बीड्सच्या रेघेचा फोटो घ्या, दहा टक्के बीड्स वाहून गेले असतील तर तो सिग्नलमधला फरक आहे, अँटिजेनमधला नाही.

हे सगळं बसलं की मगच बीड्सची संख्या कमी करून बघा. २० मायक्रोग्रॅम, ५, १ (म्हणजे ६० हजार) असं. ऐकायला उलटं वाटतं, पण अँटिजेन थोडंच असेल तर जास्त बीड्स म्हणजे डिटेक्शन अँटीबॉडीला उगाच चिकटायला जास्त जागा. कमी केले की ब्लँक उतरतो. पण सुरुवातीचा आकडा आठवा, ६० हजार बीड्सना १०० मायक्रोलिटरमध्ये ४० मिनिटं फक्त पोचायला लागतात, तेव्हा संख्या कमी केली की इन्क्युबेशन वाढवा, दीड-दोन तास. आणि तेव्हा एकेक बीड मोलाचा होतो. हेच टोकाला नेलं की डिजिटल एलायझा, २०१० मध्ये डेव्हिड वॉल्ट यांच्या सोबतच्या गटाने एकेक बीड ५० फेम्टोलिटरच्या खड्ड्यात बंद करून कोणता उजळतो ते मोजलं होतं. आपल्याला तिथपर्यंत जायचं नाही, पण तर्क तोच.

उरलं आपल्या गावचं ऊन. एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की पीडीएमएसमधून पाणी उडतं आणि थांबवलेल्या चेंबरच्या कडेला अर्ध्या तासात बुडबुडा उगवतो. चिप झाकणाच्या डब्यात ओल्या टिश्यूसोबत ठेवा, इनलेट-आउटलेटवर बफरचा थेंब ठेवा. लॅबमध्ये कूलर लावत असाल तर दमटपणाला बरं, पण त्याचा झोत चिपवर नको, वाळ्याच्या काड्यांचा भुसा चॅनलच्या तोंडाशी अडकलेला मी स्वतः चिमट्याने काढलाय. सकाळच्या आणि दुपारच्या तापमानात एन्झाइम वेगळ्या वेगाने चालतं, त्यामुळे स्टँडर्ड कर्व्ह सकाळी आणि सॅम्पल दुपारी असं करू नका, दोन्ही एकाच बसणीत. आणि बीड्सची बाटली फ्रीजमध्ये दाराच्या कप्प्यात उभी ठेवा, मागच्या भिंतीला टेकवून नाही, तिथे बर्फ धरतो आणि एकदा गोठलेले बीड्स नंतर चॅनलमध्ये खडे होऊनच येतात.